सातबाऱ्यावर नसलेली बाभूळ

"तुमचा विषय काय?" असं कुणी विचारलं आणि मी "बाभूळ" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "म्हणजे वनस्पतिशास्त्र का?" नाही, इतिहास. मग समोरचा जरा हसतो. किल्ल्याला इतिहास असतो, घराण्याला असतो, फार तर एखाद्या धरणाला असतो. धुऱ्यावरच्या काटेरी झाडाला कसला आलाय इतिहास?

पहिलं वर्षभर मलाही याचं धड उत्तर देता येत नव्हतं. आता थोडंफार देता येतं. तुमच्यापैकी जे पीएचडीचा विषय शोधतायत, सिनॉप्सिस लिहितायत, त्यांना माझ्या चुकांसकट ते सांगायचं आहे. कारण ज्या गोष्टीची नोंदच कुणी ठेवली नाही, तिचा इतिहास लिहायचा कसा, हा प्रश्न फक्त बाभळीपुरता नाही. उद्या तुम्ही विहिरींवर काम कराल, गोधडीवर कराल, सालगड्यांवर कराल. हीच अडचण तुमच्यापुढे येणार आहे.

माझं क्षेत्र शिरड शहापूर आणि आसपासचा शिवार. हिंगोली जिल्हा, औंढा नागनाथ तालुका. जैन समाजाला हे गाव मल्लिनाथाच्या क्षेत्रामुळे माहीत असतं. बाकीच्यांना औंढ्याहून वसमतला जाताना लागणारं गाव म्हणून. काळी जमीन, सोयाबीन, कापूस, तूर आणि वसमतच्या बाजूला सरकलात की हळद. उन्हाळ्यात या शिवारात उभं राहिलात तर नजर लांबवर जाते, मध्ये अडत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, हा मुलूखच असा उघडा असणार. गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी तो समज काढून टाकला. धुऱ्यावर बाभळी होत्या, नाल्याला बाभळी होत्या, पांदीला तर दोन्ही बाजूंनी. "होत्या" हा शब्द मी त्या आठवड्यात इतक्या वेळा लिहिला, की वहीत नुसतं "हो." लिहायला लागले.

आता थोडं दूर जाऊ. माझ्या मार्गदर्शकांनी सुरुवातीलाच वाचायला जे कागद दिले, त्यात भारताचं नावही नव्हतं. ते होते अमेरिकेतल्या ज्युनिपरवर. ज्युनिपर आपल्याकडे हिमालयात होतो. लडाखमध्ये त्याला शुक्पा म्हणतात आणि त्याचा धूप जाळतात. आयुर्वेदात हपुषा म्हणून जी फळं वापरतात ती याच जातकुळीची. मराठवाड्यात हे झाड नाही. मग हे कशाला वाचायचं, असं मला वाटलं होतं.

वाचलं आणि कळलं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत ज्युनिपर मुळातलाच. पण गुरांसाठी गवत हवं असणाऱ्यांच्या लेखी तो अडथळा. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथे एक पद्धत सर्रास वापरली गेली: दोन मोठे क्रॉलर ट्रॅक्टर, त्यांच्यामध्ये जहाजाच्या नांगराची जाडजूड साखळी, आणि ती ओढत न्यायची. मध्ये येईल ते झाड मुळासकट आडवं. कारणं दोन सांगितली जात: गवत वाढेल आणि ओढ्यांना पाणी वाढेल. ॲरिझोनातल्या बीव्हर क्रीक पाणलोटात तिथल्या वनखात्याने हे मोजायचं ठरवलं. यंत्राने झाडं पाडलेल्या भागात ओढ्याच्या पाण्यात लक्षात घेण्याजोगी वाढ दिसली नाही. पुढे टेक्सासच्या एडवर्ड्स पठाराबद्दल विल्कॉक्स आणि हुआंग यांनी २०१० मध्ये दाखवलं, की विसाव्या शतकात तिथली झाडी वाढत गेली तरी नद्यांचा मूळ प्रवाह कमी न होता वाढलाच. त्यांचं स्पष्टीकरण असं, की अतिचराईने जमीन बडवून निघाली होती. झाडी आल्यावर पाणी पुन्हा मुरायला लागलं. त्याच टेक्सासमध्ये सोनेरी गालांचा वटवट्यासारखा एक छोटा पक्षी आहे. तो घरटं बांधतो जुन्या ज्युनिपरच्या सालीच्या पट्ट्यांनी, कोळ्याच्या जाळ्यांत गुंफून. कोवळ्या झाडाची साल तशी सुटत नाही. झाडं साफ होत गेली आणि १९९० मध्ये त्या पक्ष्याचं नाव धोक्यातल्या जातींच्या यादीत गेलं.

पण हे वाचताना घाई करू नका. ज्युनिपरच्या बाजूने लिहिणारे जाणते लोक एक फरक आवर्जून करतात. खडकाळ जागी शेकडो वर्षं उभी असलेली जुनी झाडं वेगळी. आणि वणवे थांबल्यामुळे, गवत गुरांनी संपवल्यामुळे गेल्या शंभर-दीडशे वर्षांत माळावर पसरलेली कोवळी झाडं वेगळी. दुसरी काढण्यामागे कधी कधी खरं कारण असतं, कारण तिथल्या माळावरचे पक्षी त्या झाडीत राहत नाहीत. साखळीला मात्र हा फरक कळत नव्हता. सरकारी कागदालाही नाही. दोघांसाठी शब्द एकच: ज्युनिपर, काढून टाका.

आपल्याकडचा असा सरसकट शब्द कोणता, हे शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. "काटेरी झुडपे काढणे." कालव्याच्या, रस्त्याच्या, नाल्याच्या कामात हा शब्द तुम्ही वाचला असेल. त्यात वेडी बाभूळ येते, म्हणजे परदेशातून आलेली प्रोसोपिस. आणि त्याच दात्यात गावठी बाभूळ येते, हिवर येतो, बोर येते, खैरही येतो. जेसीबीला सगळ्यांचे काटे सारखेच.

यातली गावठी बाभूळ म्हणजे काय चीज आहे, ते जरा निवांत सांगते, कारण माझा सगळा मुद्दा इथेच आहे.

काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. भेगा अशा की हात आत जावा. पावसाळ्यात तीच जमीन फुगते, पाणी धरून बसते, पाय निघत नाही. अशा ओढाताणीत बऱ्याच झाडांची मुळं टिकत नाहीत. बाभूळ टिकते. तिचं सोटमूळ खोल जातं, पाणी साचलं तरी ती तग धरते आणि मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. मध्य भारतातल्या पारंपरिक बाभूळ-शेतीवर पांडे आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये काम प्रसिद्ध केलं. त्यात झाडाखालच्या मातीत सेंद्रिय कर्ब आणि नत्र उघड्या शेतापेक्षा जास्त आढळले. शेतकऱ्याला हे माहीत होतंच. पण झाडाच्या सावलीत पीक दबतं, हेही त्याला माहीत होतं. म्हणून तो बाभूळ शेताच्या मध्ये ठेवत नसे, धुऱ्यावर ठेवत असे आणि दर दोन-तीन वर्षांनी तिच्या फांद्या छाटत असे. रामकाठी नावाची एक बाभूळ आहे, सरळसोट, फांद्या अंगाला घट्ट धरलेली, सावली अगदी थोडी. तिच्या शास्त्रीय नावातला शब्द आहे क्युप्रेसिफॉर्मिस, सुरूसारखी. आणि ज्युनिपर सुरूच्याच कुळातला. या योगायोगाला संशोधनात काही किंमत नाही, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

छाटलेल्या काट्यांचं कुंपण होई, खळ्याला, कोंडवाड्याला, भाजीच्या वाफ्याला. काड्या चुलीत जात. शेंगा शेळ्यांना. आणि इथे एक चक्र आहे ते नीट पाहा. बाभळीच्या बीचं कवच टणक असतं, नुसतं मातीत पडलं तर बी पटकन उगवत नाही. शेळी शेंग खाते, बी तिच्या पोटातून जाताना कवच मऊ होतं, काही बिया चावूनच बाहेर पडतात, काही लेंडीतून. ते लेंडीखत शेतात जातं, किंवा धनगराचा कळप रानात बसवला की बी थेट शेतात. पावसाळ्यात रोप येतं. शेताच्या मधलं रोप वखराखाली जातं, धुऱ्यावरचं राहतं. म्हणजे कुणी बाभूळ "लावली" नाही, पण ती आपोआपही आलेली नाही. शेळी, खत, वखर आणि माणसाने न उपटणं, या चौघांनी मिळून ती उभी केली आहे. मी सुरुवातीला बाभळीला "उरलेलं जंगल" समजत होते. ती माझी पहिली चूक. ती शेतीचाच भाग होती, जसा गोठा असतो तसा.

लाकडाचं मला एका वयस्क सुतारांनी समजावलं. बैलगाडीच्या चाकाचा मधला तुंबा कशाचा, आरे कशाचे, हे ते बोटांवर मोजत होते. तुंब्याला लाकूड असं हवं की आऱ्यांसाठी चौफेर भोकं पाडली तरी तडकू नये आणि वर्षानुवर्षं हादरे खाऊन सैल पडू नये. बाभूळ. नांगर, वखर, तिफण, जू, पुष्कळशी औतं बाभळीची. त्यांनी माझ्यासमोर जुन्या तुंब्यावर हातोडी मारून आवाज ऐकवला. त्याचं काय टिपण करायचं मला कळेना, मी नुसतं "आवाज" असं लिहिलं.

साल वेगळीच. तिच्यातल्या टॅनिनने कातडं कमावायचं. मोट, चप्पल, बैलांचे पट्टे. गावोगावच्या ढोर आणि चांभार समाजाचं काम या सालीवर चाले, आणि मोठ्या प्रमाणात बघायचं तर कानपूरचे चामड्याचे कारखाने बाभळीच्या सालीवरच उभे राहिले. मद्रासकडचे तरवडाच्या सालीवर. डिंक तर तुम्हाला माहीतच आहे.

आणि जे कुणाच्याच हिशोबात नव्हतं तेही सांगायला हवं. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी लटकायची. काट्यांवर खाटीक पक्षी नाकतोडे टोचून ठेवायचा. पावसाळ्यात पाल्यावर सोनकिडे यायचे, हिरवे-सोनेरी, पोरं ते काडीपेटीत ठेवायची. माझ्या मुलाखतींत साठीच्या पुढची माणसं सोनकिड्याबद्दल न विचारता बोलतात. विशीतल्या मुलांना तो शब्द समजावून सांगावा लागतो. हा माझ्यासाठी पुरावाच आहे, फक्त तो कोणत्या तक्त्यात बसवायचा ते ठरत नाही.

आता कागदाकडे वळू. बाभळीवर शोध घ्यायचा तर आधी तिची नावं गोळा करा. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ती अकेशिया अरेबिका आहे, नंतर अकेशिया निलोटिका, आणि आता व्हॅचेलिया निलोटिका. हा शेवटचा बदल २००५ च्या व्हिएन्नातल्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसच्या निर्णयानंतरचा. अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या जातींना ठेवलं गेलं आणि आपल्या बाभळीला नवं मिळालं. तुम्ही एकच नाव घालून शोधलंत तर दीडशे वर्षांतला मोठा तुकडा हातातून जाईल. उर्दू-हिंदी कागदात बबूल किंवा कीकर, तेलुगूत तुम्म, कन्नडात जाली. शिरड शहापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं, त्यामुळे या भाषा टाळता येत नाहीत. तारखा फसली सनात असतात. साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो. १३५५ फसलीचा हैदराबाद वन कायदा म्हणजे १९४५ चा. आणि कागद एका जागी नाहीत: १९४८ पर्यंत निजाम, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई, १९६० पासून महाराष्ट्र, आणि १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा. प्रत्येक वेळी दप्तरं हलली, काही हैदराबादेतच राहिली. वेळापत्रक करताना हे धरा. मी धरलं नव्हतं.

या कागदांत मी बाभूळ शोधत होते आणि सापडत होती सिंदी. सिंदीची आणि ताडाची झाडं मोजलेली असत, त्यांच्यावर नंबर टाकलेले असत, कारण त्यांच्या रसावर अबकारी कर होता. आंबा, चिंच, मोह यांचंही उत्पन्न होतं म्हणून उल्लेख येतो. बाभळीवर कर नाही, म्हणून बाभूळ नाही. यातून मला जे कळलं ते तुमच्या विषयाला लावून बघा: दप्तरात जे आहे ते गावात काय होतं याची यादी नसते, कशातून वसूल होत होतं याची यादी असते. तिथे नसणं म्हणजे शिवारात नसणं नव्हे.

त्याउलट पैनगंगा ओलांडली की चित्र बदलतं. पलीकडे वऱ्हाड. १८५३ च्या तहानंतर तिथला कारभार इंग्रजांकडे गेला. तिथे सरकारने नदीकाठची बाभूळबनं राखीव ठेवली, जळण आणि शेतीच्या औजारांसाठी. तोड कधी, पुन्हा वाढवायची कशी, पिकासोबत बी कसं पेरायचं, यावर वनखात्याने लिहून ठेवलं. आर. एस. ट्रूप यांच्या १९२१ च्या भारतीय वृक्षांवरच्या ग्रंथात बाभळीवर सविस्तर लिहिलेलं आहे. एकच झाड, एकच काळी माती, मध्ये एक नदी. एका काठावर तिचं व्यवस्थापन लिहून ठेवलेलं आणि दुसऱ्या काठावर ती नावालाही नाही. म्हणून मी वऱ्हाडचे कागद मराठवाड्याच्या बाभळीसाठी आरशासारखे वापरते, पण जपून. आरशात दिसतं ते आपल्या अंगणातलं नसतं. तीच काळजी त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या 'गांव-गाडा'बद्दल: बलुतेदारी समजायला उत्तम, पण तो मुलूख इंग्रजी अमलातला.

मग बाभूळ गेली कधी? दुसरी चूक इथली. माझ्या पहिल्या मसुद्यात मी ठोकून दिलं होतं, की दुष्काळात लोकांनी झाडं तोडली. १९७२ चा दुष्काळ म्हटला की सगळे माना डोलावतात, म्हणून मीही लिहिलं. मार्गदर्शकांनी त्या वाक्याभोवती गोल केला आणि बाजूला तीन शब्द लिहिले: किती? कुठून? नंतर? दुष्काळात तुटलेली बाभूळ पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येत होती. शेळ्या होत्या, धुरे होते. मग ती यायची थांबली का?

माझं आजचं उत्तर असं आहे: ती एका घावात गेली नाही. तिचा एकेक उपयोग आधी गेला. लोखंडी नांगर आला, बैलगाडीला टायर आले, तुंब्याची गरज संपली. मोट गेली, कातडं कारखान्यात क्रोमने कमावलं जाऊ लागलं, सालीची गरज संपली. पोत्यातलं खत आलं, लेंडीखत आणि कळप बसवणं कमी झालं. तारेचं कुंपण आलं. शेवटी गॅस आला. प्रत्येक बदल चांगल्यासाठीच होता. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बाईसमोर बाभळीच्या जळणाचे गोडवे गाऊ नका, मी एकदा गायले आणि मला जे ऐकावं लागलं ते योग्यच होतं. पण झाडाचे सगळे हिशोबातले उपयोग संपले तेव्हा शेतकऱ्याच्या बाजूने उरली फक्त सावली आणि काटे. बिनहिशोबी कामं, म्हणजे नत्र, धुऱ्याची माती धरणं, सुगरण, सोनकिडा, ही कुणाच्या खात्यावर कधी मांडलीच नव्हती. त्यामुळे त्यांच्यासाठी कुणी भांडलं नाही.

त्यात जमिनीचे तुकडे झाले. भावाभावांत वाटण्या होऊन धुरा अर्धा-अर्धा नांगरला गेला. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी. तणनाशक आलं, ते धुऱ्यावरचं कोवळं रोप आधी मारतं. १९६० च्या दशकात पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वरची धरणं झाली, पाणी जिथे पोचलं तिथे फूटभर जमिनीलाही किंमत आली. आणि हळद. हळद काढल्यावर शिजवावी लागते, तिला जळण लागतं. ज्या पिकाने धुऱ्यावरची बाभूळ नकोशी केली, त्याच पिकाच्या कढईखाली ती गेली, असं मला दोन-तीन ठिकाणी सांगितलं गेलं. हळदीला दोष देण्यात अर्थ नाही; वसमतच्या हळदीने इथल्या पुष्कळ घरांना दोन पैसे दाखवले आहेत.

कायदा काय करत होता? महाराष्ट्राचा झाडं तोडण्यासंबंधीचा कायदा १९६४ चा. त्याच्या अनुसूचीत सोळा झाडं आहेत: सागवान, चंदन, खैर, आंबा, चिंच, मोह, फणस, जांभूळ, हिरडा, अंजन, ऐन, बिवळा, हळदू, तिवस, किंजळ आणि कांदळ. यादी पुन्हा वाचा आणि मराठवाड्याच्या काळ्या मातीत त्यातलं काय काय उगवतं ते बघा. बाभूळ नाही, हिवर नाही, बोर नाही, पळस नाही. कांदळ आहे, तो खाडीत होतो.

आणि लावत काय होतो? १९८२ मध्ये सामाजिक वनीकरण सुरू झालं, १९८५ मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ. भर सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प यांवर. गिरिपुष्प मुख्यतः यासाठी, की गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणजे राखण करावी लागत नाही. जे झाड शेळीने खाल्ल्यामुळे उगवत होतं ते काढून, शेळी खात नाही ते लावलं. "पडीक" या शब्दाने हे सोपं केलं. जमिनीला एकदा पडीक म्हटलं, सातबाऱ्यावर पोटखराबा लिहिलं, की तिथे जे उभं आहे ते काहीच नाही असं धरून चालता येतं.

तिसरी चूक तंत्राची आहे, ती करू नका. उपग्रहाच्या चित्रांत मला नदीकाठी आणि कालव्याच्या कडेने हिरवं वाढताना दिसलं. मी खूश. बाभूळ परत येतेय! जाऊन बघितलं तर सगळी वेडी बाभूळ. ही १८७० च्या दशकात भारतात आणली गेली, उजाड जमिनीसाठी. वरून दोघी सारख्या हिरव्या. खाली फरक असा, की हिच्या दाटीत दुसरं फारसं काही उगवत नाही. पायी न जाता नकाशा काढला असता तर माझ्या प्रबंधात एक धादांत खोटं प्रकरण राहिलं असतं.

आता मघाचा ज्युनिपरचा इशारा आपल्यालाही लावायला हवा. "देशी झाड चांगलं, परदेशी वाईट" हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहू नका, तोंडी परीक्षेत अडकाल. हीच आपली बाभूळ १८९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला गेली, पुढे मेंढ्यांना सावली आणि चारा म्हणून तिथल्या कृषी खात्यानेच तिची शिफारस केली. आज ती तिथे राष्ट्रीय पातळीवरच्या सर्वांत घातक तणांच्या यादीत आहे, लाखो हेक्टर गवताळ माळ तिने व्यापले आहेत. झाड तेच. नसलेली गोष्ट म्हणजे शेतकरी, वखर आणि धुरा. आपल्याकडेही गवताळ माळ आहेत, माळढोक आणि तणमोर यांचे, आणि तिथे बाभूळ लावणं हे उपकार नव्हेत. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम झाली, तेव्हा खड्डे कुठे पडतायत हा प्रश्न गवताळ प्रदेशावर काम करणारी मंडळी विचारत होती, ते याचसाठी. माझा दावा एवढाच, की शिरड शहापूरच्या धुऱ्यावर बाभळीची जागा होती. माळावर होती असं मी म्हणत नाही.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी मोबाईलवर आपलं पीक स्वतः नोंदवतो. त्या ॲपमध्ये बांधावरची झाडं नोंदवायचीही सोय आहे. ज्या रकान्यासाठी मी हैदराबादेपर्यंत जाऊन आले तो इथे, खिशात. गेल्या हंगामात एका शेतकरी काकांबरोबर बसून मी तो भरताना पाहिला. पिकं भरून झाली. झाडांपाशी आल्यावर त्यांनी मान वर करून धुऱ्याकडे बघितलं, मग विहिरीकडे. विहिरीवर एक बाभूळ होती, तिला सुगरणीची जुनी वाळकी घरटी. "ही धरायची का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, धरा. त्यांनी एक आकडा टाकला आणि फोन खिशात ठेवला.

सध्या मी गावातल्या आणि आजूबाजूच्या सुतारांना एकच प्रश्न विचारत फिरतेय: तुम्ही शेवटचा बाभळीचा तुंबा कोणत्या साली केला? साल आठवत नाही, पण त्या वर्षी कुणाचं लग्न होतं, कोणती निवडणूक होती, पाऊस कसा होता ते आठवतं. त्यावरून साल काढता येतं. आतापर्यंत अकरा जणांनी सांगितलंय.